बान्शीचा क्रँक: आख्खा नवा घ्यावा की जुनाच वागळे इस्टेटमध्ये बांधून घ्यावा?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझा दादा शारजात असतो. त्याच्याकडे यामाहाची बान्शी आहे, वायएफझेड ३५०, २००४ सालची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही वाळूत पळवायची चारचाकी एटीव्ही. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं ३४७ सीसीचं इंजिन. अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली गेली. सुट्टीच्या दिवशी हे लोक अल बदायरच्या वाळूत जातात आणि सकाळभर थ्रॉटल पिळतात. दादाने पोर्टिंग केलंय (सिलिंडरमधल्या मिश्रणाच्या आणि धुराच्या वाटा घासून मोठ्या करणं), एक्झॉस्ट पाईप बदललेत. बाकी इंजिन मूळचंच.

दोन वर्षांपूर्वी त्याने मूळ क्रँक (पिस्टनला रॉडने जोडलेला, इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) काढून एका स्वस्त कंपनीचा तयार क्रँक बसवला. नाव घेत नाही. एक हिवाळा टिकला. आता डाव्या बाजूचा रॉड वाजायला लागला म्हणून इंजिन उघडलं, तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) निळं पडलेलं आणि डाव्या पिस्टनवर ओरखडे.

दादा गणपतीला ऐरोलीला आलाय आणि दोन्ही क्रँक बॅगेत घालून आणलेत, मूळ यामाहाचा आणि हा मेलेला. सहार विमानतळावर बॅग उघडायला लावली. हे काय आहे ते समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी "गाडीचा पार्ट आहे, जुना आहे, भंगार आहे" यावर सुटका झाली.

पर्याय तीन आहेत.
मूळ क्रँकला नवे रॉड, पिना, बेअरिंग घालून इथेच ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बांधून घ्यायचा.
हॉट रॉड्स किंवा वाइस्को अशा नावाजलेल्या कंपनीचा आख्खा क्रँक मागवायचा.
किंवा दादाच्या डोक्यात घुसलेला चार मिलचा स्ट्रोकर, म्हणजे पिस्टनचा प्रवास चार मिलिमीटरने वाढवणारा क्रँक.

त्याचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांनी आहे. काय करावं?

घोडबंदरग्रस्त

वाळूतली गाडी आहे म्हणता. कासारवडवलीच्या सर्व्हिस रोडला ट्रायल घेऊन बघा, शारजापेक्षा खडतर आहे.

नौपाडा_आरडी

वा! घरातलंच इंजिन निघालं की. माझ्याकडे १९८५ ची राजदूत ३५० आहे, एस्कॉर्ट्सची, म्हणजे यामाहाची आरडी ३५० च. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ५४. बान्शीचंही ६४ बाय ५४ च. माझं हवेवर थंड होतं आणि तुमचं पाण्यावर, पण घराणं एक. बान्शी त्या आरडीच्या पाण्यावरच्या भावंडांवरूनच आली.

ज्यांनी फक्त फोर-स्ट्रोक उघडली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढची चर्चा डोक्यावरून जाईल. कारचा क्रँक अखंड असतो आणि रॉड दोन तुकड्यांत फाकतो. इथे उलटं आहे. रॉड अखंड आणि क्रँकच तुकड्यातुकड्यांचा, पिना दाबून जोडलेला. कारण कारच्या बेअरिंगला पंपाने दाबलेलं तेल लागतं, इथे पेट्रोलातून येणाऱ्या तेलाच्या धुक्यावर भागवावं लागतं. तेवढ्याशा तेलावर फक्त रोलर बेअरिंगच जगतं. मग रॉड त्यावरून सरकवायचा म्हणजे क्रँक उघडता यायला हवा.

म्हणून आपल्याकडे "क्रँक कुठल्या कंपनीचा" याच्याइतकाच "क्रँक दाबला कोणी" हाही प्रश्न असतो. माझं मत मूळ यामाहाच्या बाजूने. पाट्यांचं (पिना ज्यात दाबतात त्या जाड चकत्यांचं) पोलाद जुनं असलं तरी ते ठाऊक आहे.

वागळे_रोड१६

खाडीपलीकडचा, प्रश्न उलटा विचारताय तुम्ही. कुठला घेऊ ते नंतर. आधीचा मेला कशाने ते आधी सांगा. ते कळलं नाही तर तुम्ही सोन्याचा क्रँक घातला तरी तोही पुढच्या हिवाळ्यात मरेल.

मी पस्तीस वर्षं लेथवर आहे. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ साली वागळेपासून झाली. आता आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्यात, पण क्रँक ट्रू करणारी, म्हणजे डुलणारा दांडा सरळ करणारी माणसं अजून आहोत दोन-चार.

घरी बसून हे बघा. डाव्या पिस्टनवरचे ओरखडे कुठल्या बाजूला आहेत? एक्झॉस्टकडे असतील आणि वरची कड वितळल्यासारखी असेल तर मिश्रण पातळ झालं होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), हवा कुठून तरी शिरत होती. इनटेककडे असतील आणि पिस्टन राखाडी, खरवडल्यासारखा मळकट दिसत असेल तर वाळू शिरली, फिल्टर बघा. दोन्ही सिलिंडर सारखेच गेले असतील तर तेलाचं प्रमाण किंवा तेलच वाईट. तुमचा एकच गेलाय, डावा. डाव्या बाजूला ठिणगीची वीज बनवणारा मॅग्नेट असतो आणि तिथलं ऑईल सील कोरडं असतं. ते फाटलं तर थेट बाहेरची हवा खेचतं. उजवीकडचं सील गिअरबॉक्सच्या तेलाच्या बाजूला, ते गेलं तर पांढरा धूर निघतो आणि गिअरचं तेल कमी होतं. म्हणजे उजवं बोंबलून सांगतं, डावं गपचूप मारतं.

आता सील फाटलं का? सील वाईट होतं की क्रँकचा दांडा डुलत होता? दांडा डुलत असला की सीलचा ओठ एका बाजूने घासला जातो आणि कितीही नवं सील घाला, चार महिन्यांत गेलंच.

दोन्ही क्रँक घेऊन या. बघून सांगतो.

खाडीपलीकडचा

काका, ओरखडे एक्झॉस्टकडेच आहेत. वरची कड एका जागी खाल्लेली आहे. उजवा पिस्टन चकाचक.

दादा म्हणतोय धूर कधी आला नाही. शनिवारी येतो.

कोकण_टू_अजमान

मीपण तिकडेच असतो, बान्शीवर सहा वर्षं काढली. काकांचं बरोबर आहे, पण वाळूची बाजूही ऐका. रस्त्यावर आपण क्वचितच पूर्ण थ्रॉटल देतो. वाळूत टायर रुतलेले, इंजिनावर सतत ओझं, आणि मिनिटभर थ्रॉटल फुल्ल. चढ संपला की एकदम हात सोडतो. फिरणं मिनिटाला नऊ हजारांवर असतं आणि पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, कारण तेल पेट्रोलातूनच येतं. बिग एंड तिथे कोरडं फिरतं. मी तर उतारावर मधेच एक चिमटी थ्रॉटल देतो, सवयच लावून घेतली.

तेलाचं प्रमाण किती घालतो तुमचा दादा? मी ३२ ला १. पाच लिटरला १५६ मिली. मोजून, बाटलीच्या बुचाने नाही!

स्ट्रोकरचं खूळ कुठून आलं हेही ओळखलं. अबुधाबीतल्या लिवाला ताल मुरीब बघून आला असेल. जवळजवळ ३०० मीटरची टेकडी आणि त्यावर चढणारी ती जनावरं. ती बघून प्रत्येकाला चार मिल हवं असतं.

कोपरखैरणे_मेक

स्ट्रोकरवर थोडं गणित करू, म्हणजे दादाला दाखवता येईल.

चार मिल म्हणजे स्ट्रोक ५४ चा ५८. क्षमता ३४७ वरून ३७३ सीसी. खालच्या फिरण्यावर ओढ वाढते हे खरं. पण पिस्टन आता वर २ मिमी जास्त जातो आणि खाली २ मिमी जास्त येतो. वरचे २ मिमी हेडच्या डोममध्ये कापून काढायचे किंवा सिलिंडरखाली प्लेट द्यायची. प्लेट दिली की पोर्ट उघडण्याच्या वेळा बदलतात, म्हणजे दादाने पैसे देऊन करून घेतलेलं पोर्टिंग पुन्हा मोजावं लागणार.

नऊ हजार फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग ५४ ला १६.२ मीटर प्रतिसेकंद येतो, ५८ ला १७.४. वरच्या टोकाला रॉडवर येणारा झटका त्याच फेऱ्यांना साधारण ८-९ टक्क्यांनी वाढतो. रॉडची लांबी मूळची ११० मिमी. स्ट्रोक वाढवून तोच रॉड ठेवला तर रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टन भिंतीवर जास्त दाबला जातो. म्हणून बरेच लोक ११५ चा लांब रॉड घालतात. मग पिस्टनही वेगळे, पिनेची जागा वर असलेले. एक क्रँक बदलायला गेलो आणि पिस्टन, हेड, पोर्टिंग, कार्बोरेटरचे जेट, सगळं बदलून बसलो.

ज्याचं मूळ इंजिन एक हिवाळा धड चालत नाही त्याने स्ट्रोकरच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. दादांची माफी मागून.

खाडीपलीकडचा

दादाला वाचून दाखवलं. "कोण आहे हा" एवढंच म्हणाला. पण स्ट्रोकरचा विषय दुपारपासून काढलेला नाही.

सीवूड्सकर

वेल्डिंगबद्दल कोणी बोललंच नाही. तयार क्रँक घेणार असाल तर पिना वेल्ड केलेलाच घ्या. पोर्टिंग केलेल्या इंजिनात पिना फिरतात. मित्राच्या आरडीत तेच झालं.

नौपाडा_आरडी

सरसकट नको हो. वेल्ड केलेला क्रँक पुन्हा उघडायचा म्हणजे आधी वेल्ड घासून काढा, पाटीवर खड्डे पडतात. दर दोन वर्षांनी रॉड बदलणाऱ्या माणसाला ते डोकेदुखी आहे.

सीवूड्सकर

दोन वर्षांनी बदलायला लागू नये म्हणूनच तर टिकाऊ शोधतायत ना ते?

वागळे_रोड१६

भांडू नका, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

या इंजिनात क्लच उजवीकडे. म्हणजे डाव्या सिलिंडरची सगळी ताकद मधल्या जोडातून आणि उजव्या पिनेतून जाऊन मग गिअरला पोहोचते. पिळा पडतो तो तिथे. दोन्ही रॉड एकमेकांपासून बरोबर १८० अंशांवर हवेत. क्रँक जरा जरी पिळला की एका बाजूचं टायमिंग हुकतं. बान्शीत दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी मिळते, म्हणजे वेगवेगळं टायमिंग लावायची सोयच नाही. क्रँक एक अंश पिळला तर एक सिलिंडर एक अंश चुकीचंच चालणार.

वेल्ड याला थांबवतो. पण वेल्ड म्हणजे उष्णता आणि उष्णता म्हणजे ओढ. ट्रू केलेला क्रँक वेल्ड केल्यावर पुन्हा डायलला (डुलणं मोजायच्या गेजला) लावलाच पाहिजे, तो हललेला असतो. आणि वाकडा क्रँक वेल्ड करून आणला असेल तर तो कायमचा वाकडा. तयार वेल्डवाला घेताना हीच भीती, तो नंतर ठोकून सरळ होत नाही. तुमच्या दादाच्या इंजिनात नुसतं पोर्टिंग आणि पाईप आहेत. पिनेचं बसणं घट्ट असेल तर मी वेल्ड करणार नाही.

घोडबंदरग्रस्त

गंमत करायला आलो होतो, शिकून चाललोय. एक बाळबोध प्रश्न. बाजारात तांब्याच्या रंगाचे रॉड मिळतात ते भारी असतात का? ऑपेरा हाऊसला एकाने "स्पेशल कॉपर" म्हणून माझ्या आरएक्ससाठी दिला होता.

कोपरखैरणे_मेक

तांबं शोभेचं नाही आणि ताकदीचंही नाही. रॉडच्या फक्त दोन्ही डोळ्यांचा पृष्ठभाग कडक करायचा असतो, कारण रोलर तिथेच फिरतात. मधला दांडा चिवट राहिला पाहिजे, नाहीतर तडकेल. कडक करताना भट्टीत पोलादात कार्बन घुसवतात. जिथे तो नको तिथे तांब्याचा मुलामा देतात. काही कंपन्या तो नंतर काढतात, काही ठेवतात. आणि नुसता रंग कोणीही देऊ शकतो!

सीवूड्सकर

+१. खोक्यावर तर अजिबात जाऊ नका. नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात भलतंच निघालेलं मी स्वतः उघडलंय. विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे का ते आधी बघा. रॉडवरचा फोर्जिंगचा छाप, बेअरिंगवर कोरलेलं नाव आणि नंबर, सगळं ताडून बघा. मेन बेअरिंगवर सी-३ किंवा सी-४ लिहिलेलं असतं, म्हणजे आत थोडी जास्त ढील. क्रँक तापला की ती ढील लागते. साधं बेअरिंग घातलं तर गरम झाल्यावर आवळतं.

खाडीपलीकडचा

शनिवारचा वृत्तांत.

रोड नं. १६ ला काकांकडे गेलो. (काका प्रत्यक्षात इथल्यापेक्षा कमी बोलतात.) दोन्ही क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवले, बाहेरच्या बेअरिंगवर टेकवून. डायल गेज दांड्याच्या टोकाला लावला आणि हाताने सावकाश फिरवला. यामाहाची मर्यादा ०.०५ मिमी. काका ०.०३ च्या वर सोडत नाहीत.

स्वस्त क्रँक, डावं टोक: ०.११. उजवं: ०.०४.
मूळ यामाहा, डावं: ०.०४. उजवं: ०.०३.

दादा बघतच राहिला. स्वस्त क्रँक खोक्यातून काढून तसाच बसवला होता. मेकॅनिक म्हणाला होता नव्याला काय तपासायचं.

मग मूळ क्रँक उघडायला घेतला आणि तिथे वेगळंच निघालं. वीस टनी प्रेसवर डावी पिन निघताना प्रेसच्या काट्याने चांगला दम घेतला. उजवी पिन मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. काकांनी काही न बोलता बोअर गेज लावला, चष्मा वर केला आणि पाटी बाजूला ठेवली. भोक मोठं झालेलं. आधी कधीतरी कोणीतरी एकदा उघडून बांधला असणार, हे दादाला विकणाऱ्याने सांगितलेलं नव्हतं.

वागळे_रोड१६

त्यात मी पिन दाबून दिली असती. बसलीही असती. डायलवर ०.०२ दाखवून तुमच्याकडून पैसेही घेतले असते. तिसऱ्या चढाला पिळला असता. वेल्ड करून चालवणारे लोक आहेत, मी नाही करत. जोड मुळात घट्ट बसायला हवा, वेल्ड वरून.

पहिला पर्याय संपला. नवीन आख्खा मागवा. नावाजलेल्या कंपनीचा, ५४ चाच स्ट्रोक, ११० चाच रॉड, वेल्ड न केलेला. आला की आधी इकडे आणा. बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर नको. रॉड वर-खाली अजिबात हलता कामा नये, आजूबाजूला थोडा सरकला तर चालतो. तेवढी फट हवीच, तेल तिथूनच आत जातं.

नौपाडा_आरडी

माघार घेतो. मूळ यामाहा म्हणजे डोळे मिटून घ्यावा असं मी म्हणालो होतो, पण मधे किती हात लागलेत ते कळत नाही. माझाच क्रँक आता काकांकडे न्यावा की काय असं वाटायला लागलंय.

कोकण_टू_अजमान

मागवताना तिकडेच शारजाला मागवू नका, दादा इथे असेपर्यंत इथे यायला हवा. नाहीतर ट्रू कोण करणार?

खाडीपलीकडचा

सतराव्या दिवशी आला. कस्टम ड्युटीचं बोलायला नको. तेल लावून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला होता. काकांनी बजावलं होतं की पिशवी उघडी ठेवू नका. ऐरोलीची खाडीची हवा आणि त्यात भाद्रपद, दोन दिवसांत रोलरवर गंजाचे ठिपके येतात आणि तेच पुढे बिग एंड खातात.

व्ही-ब्लॉकवर: डावं ०.०५, उजवं ०.०३. म्हणजे यामाहाच्या मर्यादेत काठावर, काकांच्या मर्यादेबाहेर. तांब्याचा हातोडा घेऊन त्यांनी डाव्या पाटीवर दोन ठोके दिले. फिरवला, पुन्हा एक ठोका. एका ठिकाणी दोन पाट्यांमध्ये पाचर घातली. वीस मिनिटांत डावं ०.०२, उजवं ०.०२. दादा म्हणाला नव्या वस्तूला हातोडा मारताना बघून पोटात गोळा आला.

सीवूड्सकर

म्हणजे चांगल्या कंपनीचाही तपासावाच लागतो.

वागळे_रोड१६

कारखान्यातून सरळच निघाला असेल. खोकं किती वेळा आपटलं ते कुठे लिहिलंय?

दादांना सांगा, केसमध्ये बसवताना बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरच्या पिना आपापल्या खाचेत बसल्या का ते बघा. न बघता वरची केस आवळली तर कडं दबतं. आणि इंजिन बांधून झाल्यावर, सुरू करण्याआधी हवेची परीक्षा करा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटांत एक पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये.

खाडीपलीकडचा

दादा परत गेला. क्रँक बॅगेत, या वेळी बिलासकट. काल इंजिन बांधलं आणि हवा भरली. दोन मिनिटांत ६ वरून ३ वर!

साबणाचं पाणी मारलं. डावं सील कोरडं ठणठणीत, एक बुडबुडा नाही. बुडबुडे आले डाव्या कार्बोरेटरच्या रबरी मानेतून. खालच्या बाजूला नखाएवढी चीर, वरून दिसत नाही.

कोपरखैरणे_मेक

म्हणजे पातळ मिश्रण तिथून! मग त्या स्वस्त क्रँकला आपण उगाच शिव्या घातल्या की काय?

वागळे_रोड१६

०.११ पण खोटा नव्हता. दोघांनी मिळून मारला. किती कोणी ते आता पिस्टन सांगू शकत नाही.

रबर दोन्ही बाजूंचं बदला, एकाचं नको. दादांनी ती यामाहाची उजवी पाटी आणि तो स्वस्त क्रँक माझ्याकडेच सोडलाय. पाहिजे का परत? नाहीतर पोरांना डायल धरायला शिकवायला ठेवतो.

खाडीपलीकडचा

ठेवा काका. विमानतळावर पुन्हा समजवायची ताकद नाही. रबर मागवलंय, जेटिंगचा धागा वेगळा काढतो.